दवाखाना मोफत असूनही रुग्ण उशिरा का पोहोचतो? ग्वातेमालाच्या डोंगराळ शेतकरी गावांविषयी

मेळघाटातील प्राथमिक आरोग्य केंद्रात दोन वर्षे काम केलेल्या एका तरुण डॉक्टरांना पुढील वर्षी सहा महिन्यांसाठी ग्वातेमालाच्या पश्चिम डोंगराळ भागात जायचे आहे. त्यांचा प्रश्न थोडक्यात असा: तिथल्या राज्यघटनेने आरोग्य हा मूलभूत हक्क मानला आहे, सरकारी सेवा मोफत आहे, पायी तास-दोन तासांच्या अंतरावर आरोग्य केंद्रही आहे, असे असताना मका आणि कॉफीवर जगणारी ही कुटुंबे रुग्णाला हाताबाहेर गेल्यावरच का आणतात, आणि बाहेरून जाणाऱ्या डॉक्टरांनी अशा ठिकाणी नेमके काय करावे? मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे आणि माम ही माया कुळातली भाषा बोलणाऱ्या शेतकऱ्यांच्या गावांत मी सात वर्षे काम केले आहे. त्यामुळे या उत्तराचा कल बाळंतपणाकडे अधिक राहील, पण प्रश्नाचे सगळे धागे तिथे एकत्र येतात असा माझा अनुभव आहे.

उत्तराला आधार म्हणून एका रात्रीचा तासातासाचा हिशेब मांडते. समुद्रसपाटीपासून सुमारे २,७०० मीटर उंचीवरच्या एका वाडीत सत्तावीस वर्षांची एक बाई संध्याकाळी साडेसातला घरीच बाळंत झाली. तिचे हे चौथे बाळंतपण होते. बाळ ठणठणीत होते, पण तास उलटला तरी वार (प्लॅसेंटा) पडेना. कोमाद्रोना, म्हणजे तिथली सुईण, साठी ओलांडलेली होती आणि तिला लिहिता-वाचता येत नव्हते. तिने साडेआठ वाजताच स्पष्ट सांगितले की आता हिला रुग्णालयात न्यावे लागेल. निदान अचूक होते आणि वेळेवरही झाले होते. सासूने थांबायला सांगितले, कारण तिची स्वतःची बहीण अशाच कारणाने रुग्णालयात गेली होती आणि घरी आले ते तिचे प्रेत. नवरा कॅलिफोर्नियातील ओकलंड शहरात एका उपाहारगृहाच्या स्वयंपाकघरात कामाला होता. घरात येणारा रोख पैसा त्याचाच होता, त्याला विचारल्याशिवाय कोणी पाऊल उचलणार नव्हते, आणि त्याचा फोन लागला तो साडेअकराला. तो एका क्षणाचाही विचार न करता 'न्या' म्हणाला. ग्वातेमालात रुग्णवाहिका बहुतेक ठिकाणी अग्निशामक दलाची असते. त्यांची गाडी त्या रात्री एका अपघाताला गेलेली होती. वाडीत पिकअप गाडी दोघांकडेच होती. एक जण कोबी भरून बाजाराला गेला होता, आणि दुसऱ्याने शेतमजुराच्या बारा दिवसांच्या कमाईइतके भाडे सांगितले. ते पैसे उसने गोळा करायला दिराला अंधारात तीन घरे फिरावी लागली.

मला निरोप मिळाला तेव्हा रात्रीचा एक वाजून गेला होता. मी पोहोचले तेव्हा तिच्याखालची वाकळ भिजून जड झाली होती आणि नाडी मिनिटाला १३० पडत होती. शिरेतून सलाइन आणि गर्भाशय आकुंचन पावण्याचे औषध सुरू केल्यावर रक्तस्राव थोडा आवरला. वार घट्ट चिकटलेली असावी अशी शंका होती आणि रक्त चढवण्याची कसलीही सोय नव्हती, म्हणून ती तिथेच हाताने काढण्याचे धाडस मी केले नाही. दोन वाजता आम्ही निघालो. धुके इतके दाट होते की दीर गाडीच्या टपाला धरून उभा राहून चालकाला वळणे सांगत होता. पहाटे पाचच्या सुमारास जिल्ह्याच्या रुग्णालयात पोहोचलो, तेव्हा फाटकावर सुईणीला अडवले गेले, कारण आत एकाच नातेवाइकाला सोडण्याचा नियम होता. आत परिचारिकेने रुग्णाला स्पॅनिशमध्ये विचारले की वार अडकून किती तास झाले. ती म्हणाली, 'सी', म्हणजे 'हो'. पूर्वी कधी शस्त्रक्रिया झाली आहे का, यावरही 'सी'. कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे का, 'सी'. परिचारिका वैतागली आणि मी मध्ये पडले. दोन पिशव्या रक्त चढले, वार निघाली, बाई वाचली. तिच्या कागदावर मात्र एका ओळीत नोंद झाली: 'रुग्णाने येण्यास विलंब केला.'

तुमच्या प्रश्नातील 'उशिरा आणतात' हे शब्द आणि त्या कागदावरची ओळ यांत फार अंतर नाही, म्हणून मी ही हकीकत सांगितली. साडेआठ ते पाच या साडेआठ तासांत अज्ञानामुळे गेलेला वेळ मला शोधूनही सापडत नाही. मातामृत्यूंच्या अभ्यासात १९९४ पासून 'तीन विलंब' ही मांडणी रूढ आहे: निर्णय घेण्यातला विलंब, पोहोचण्यातला विलंब आणि पोहोचल्यावर उपचार मिळण्यातला विलंब. तुम्ही ती शिकलाच असाल. ती उपयोगी आहे, पण वाचणाऱ्याची बोटे बहुधा पहिल्या विलंबाकडे, म्हणजे कुटुंबाकडे वळतात. माझ्या अनुभवात पहिला विलंब हा बऱ्याच अंशी तिसऱ्या विलंबाची आठवण असतो. सासूने रोखले ते अंधश्रद्धेपोटी नव्हे. तिने रुग्णालय पाहिलेले होते, तिथला निकालही पाहिलेला होता.

आता 'मोफत' या शब्दाविषयी. कागदावरची रचना तुम्हाला ओळखीची वाटेल. गावपातळीवर 'पुएस्तो दे सालूद', म्हणजे आपल्या उपकेंद्रासारखी खोली, जी बहुधा एकच सहायक परिचारिका चालवते. तालुक्यासारख्या मोठ्या गावी डॉक्टर असलेले केंद्र. आणि त्यावर रुग्णालय. १९८५ च्या राज्यघटनेतील ९३ वे कलम आरोग्याला मूलभूत हक्क म्हणते. मात्र सरकारचा आरोग्यावरील खर्च अनेक वर्षे राष्ट्रीय उत्पन्नाच्या दोन टक्क्यांच्या आसपास रेंगाळत राहिला आहे, आणि देशात आरोग्यावर होणाऱ्या एकूण खर्चातला निम्म्याहून अधिक भाग लोक स्वतःच्या खिशातून करतात. १९४६ मध्ये सुरू झालेली सामाजिक सुरक्षा संस्था पगारदारांसाठी आहे. लोकसंख्येच्या एक पंचमांशाहून कमी लोक तिच्या कक्षेत येतात. स्वतःच्या चार-पाच कुएर्दा जमिनीवर मका, घेवडा आणि भोपळा एकत्र लावणारा शेतकरी तिच्या बाहेरच राहतो. कुएर्दा हे तिथले जमिनीचे माप आहे, ते गावागणिक बदलते, पण आमच्या भागात एक कुएर्दा म्हणजे आपले साधारण सव्वाचार गुंठे. अर्ध्या एकराच्या आतबाहेरच्या तुकड्यावर सात-आठ माणसांचे घर चालत असेल, तर तपासणी मोफत असण्याने फारसा फरक पडत नाही.

फरक पडतो तो इतर गोष्टींनी. केंद्रातल्या गोळ्या संपल्या की परिचारिका चिठ्ठी लिहून देते आणि औषध खासगी दुकानातून आणावे लागते. रुग्णालयात अनेकदा टाके घालण्याचा दोरासुद्धा समोरच्या दुकानातून आणायला सांगतात. सोबत आलेल्यांना जेवण लागते, रात्री व्हरांड्यात झोपावे लागते, रक्त चढवले तर बदली रक्तदाते शोधावे लागतात. सगळ्यांत मोठा खर्च गाडीचा असतो, आणि तो दिवसा वेगळा, रात्री वेगळा. दिवसा सार्वजनिक बस मिळते. अमेरिकेत शाळेसाठी वापरून झालेल्या जुन्या बसगाड्या रंगवून तिथे चालवतात आणि त्यांत कोंबड्या, कांद्याची पोती व माणसे एकत्र प्रवास करतात. दुपारनंतर ती शेवटची बस गेली की त्या वाडीसाठी रुग्णालय उद्या सकाळपर्यंत बंद झाले असे समजावे. तुम्ही नकाशावर अंतर मोजाल तेव्हा किलोमीटरऐवजी शेवटच्या बसची वेळ लिहून घ्या, असे मी कळकळीने सांगेन.

वेळेचा दुसरा पैलू शेतीचा आहे. केंद्र उघडे असते ते शेतात काम असते तेव्हाच. पेरणीच्या आणि कापणीच्या दिवसांत लहान मुलाच्या खोकल्यासाठी एक रोज बुडवणे म्हणजे घरातल्या सगळ्यांच्या एका दिवसाच्या मक्याचा प्रश्न असतो. वर्षाअखेरीपासून पुढचे काही महिने कॉफीची तोडणी असते, आणि तेव्हा उंचावरच्या वाड्या अर्ध्या रिकाम्या होतात. कुटुंबेच्या कुटुंबे मुलाबाळांसह खालच्या उतारांवरच्या आणि किनारपट्टीच्या मळ्यांवर जातात, जिथे तोडलेल्या फळांच्या वजनावर मजुरी मिळते. मराठवाड्यातून उसाच्या फडावर जाणाऱ्या टोळ्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे चित्र समजावून सांगावे लागणार नाही. या काळात लसीकरणाचे वेळापत्रक तुटते, क्षयरोगाचे औषध मध्येच थांबते, सातव्या महिन्याची गर्भवती कोणाच्याच नोंदवहीत राहत नाही. मळ्याच्या जवळचे केंद्र म्हणते की ही आमच्या हद्दीतली नाही, आणि गावचे केंद्र म्हणते की ती गावात नाही.

किनारपट्टीचे आणखी एक देणे आहे. मध्य अमेरिकेच्या प्रशांत महासागराकडील सखल पट्ट्यात, विशेषतः एल साल्वादोर आणि निकाराग्वा येथे, उसाच्या फडांत राबणाऱ्या तरुण पुरुषांमध्ये मधुमेह वा रक्तदाब नसतानाही मूत्रपिंडे निकामी होण्याचा आजार मोठ्या प्रमाणावर आढळला आहे आणि ग्वातेमालाची किनारपट्टीही त्यातून सुटलेली नाही. कडक उन्हात पाणी व विश्रांती न घेता केलेले कष्ट हे त्याचे एक प्रमुख कारण मानले जाते. डोंगरात परतलेल्या तिशीतल्या माणसाला थकवा आणि मळमळ असेल तर पित्ताची गोळी देऊन परत पाठवू नका, मूत्रपिंडांचे काम कळण्यासाठी रक्तातले क्रिएटिनिन तपासा.

भाषेकडे वळते, कारण मेळघाटात कोरकू बोलणाऱ्या आयांशी मराठीत बोलण्याचा अनुभव तुमच्या गाठीशी आहे. ग्वातेमालात माया कुळातल्या २२ भाषा आहेत. २००३ च्या कायद्याने त्यांना राष्ट्रीय भाषा म्हणून मान्यता दिली आणि सार्वजनिक सेवा लोकांच्या भाषेत मिळाव्यात असेही म्हटले. प्रत्यक्षात डॉक्टर बहुधा राजधानीतून किंवा मोठ्या शहरातून येतो आणि फक्त स्पॅनिश बोलतो. मी वर सांगितलेले 'सी' हे उत्तर तुम्हाला रोज ऐकू येईल. त्याचा अर्थ 'कळले' असा होत नाही. 'मी तुमचा मान राखते, मला ओरडू नका' असा होतो. एकदा एका आईला मी स्वतः बाळाच्या प्रतिजैविकाची बाटली देऊन दर आठ तासांनी द्यायला सांगितले होते. ती तिसऱ्या दिवशी परत आली तेव्हा बाटली सीलबंदच होती. तिच्या घरात घड्याळ नव्हते, बाटलीतल्या भुकटीत उकळून गार केलेले पाणी घालायचे असते हे मी स्पॅनिशमध्ये सांगितले होते, आणि ती दोन्ही वेळा 'सी' म्हणाली होती. त्यानंतर मी पहिली मात्रा माझ्यासमोरच तयार करून पाजायची आणि पुढच्या मात्रा पहाटेच्या चुलीला, दुपारच्या जेवणाला आणि निजताना अशा बांधून द्यायच्या, हा नेम केला. दुभाषी म्हणून शाळकरी मुलाला उभे करण्याची तिथे सरसकट प्रथा आहे. ती कृपा करून मोडा. आपल्या अंगावरून काय जाते हे कोणती आई दहा वर्षांच्या मुलाच्या तोंडून डॉक्टरला सांगेल?

आजारांची नावेही वेगळी आहेत. 'सुस्तो' हा शब्द तुम्हाला पहिल्याच आठवड्यात भेटेल. पाठ्यपुस्तके त्याला सांस्कृतिक आजार वगैरे म्हणतात. मराठीत त्याला 'धसका' हा नेमका शब्द आहे. अन्न जात नाही, झोप येत नाही, माणूस सुकत जातो. पन्नाशीच्या पुढच्या बायका सुस्तोविषयी बोलू लागल्या की थोड्या वेळाने त्या युद्धाविषयी बोलू लागतात. १९६० ते १९९६ या काळातल्या यादवी युद्धात दोन लाखांहून अधिक माणसे मारली गेली किंवा नाहीशी झाली. १९९९ मध्ये अहवाल देणाऱ्या सत्यशोधन आयोगाला ज्या बळींची ओळख पटवता आली त्यांतले ८३ टक्के माया समाजाचे होते. डोंगरातल्या गावाने अनोळखी माणूस, गणवेश, नोंदवही आणि नावांची यादी यांना घाबरायला सबळ कारण होते. आपण घरोघरी जाऊन कुटुंबातल्या माणसांची नावे लिहू लागतो, तेव्हा ती भीती आपल्यासोबत उंबरा ओलांडते.

या युद्धाने आरोग्यसेवेचे जे नुकसान केले त्याचा एक धागा महाराष्ट्रापर्यंत येतो. कॅरोल बेहॉर्स्ट नावाच्या अमेरिकी डॉक्टरांनी १९६२ मध्ये चिमाल्तेनांगो येथे काक्चिकेल माया शेतकऱ्यांमध्ये दवाखाना सुरू केला. गावांनी निवडून दिलेल्या शेतकऱ्यांना ते आठवड्यातून एक दिवस शिकवत. असे आरोग्य कार्यकर्ते आपापल्या गावी साधे आजार बरे करत, औषधे वाजवी दराने देत आणि अवघड रुग्ण पुढे पाठवत. आपल्याकडे डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला काम उभे केले. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ मध्ये जगभरातल्या लोकाधारित आरोग्यकार्यांचा जो संग्रह प्रसिद्ध केला, त्यात चिमाल्तेनांगो आणि जामखेड या दोघांचीही प्रकरणे होती, आणि प्राथमिक आरोग्यसेवेविषयी १९७८ मध्ये आल्मा-आता या शहरात झालेल्या जागतिक परिषदेला या अनुभवांचा आधार मिळाला. बेहॉर्स्ट यांनी कामाचा जो प्राधान्यक्रम लावला होता, त्यात सामाजिक आणि आर्थिक अन्याय पहिल्या क्रमांकावर, जमिनीची मालकी दुसऱ्या आणि रोगोपचार सर्वांत शेवटी होता. ज्या देशात १९७९ च्या कृषिगणनेनुसार जेमतेम अडीच टक्के शेतजमीनधारकांकडे सुमारे ६५ टक्के जमीन होती, तिथे हा क्रम भाबडेपणातून आलेला नव्हता. पुढे ऐंशीच्या दशकात गावाला संघटित करणारा प्रत्येक माणूस लष्कराच्या संशयाचा विषय झाला, आणि या आरोग्य कार्यकर्त्यांतले अनेक जण मारले गेले. जामखेडचे काम पन्नास वर्षे अखंड चालू राहिले आणि चिमाल्तेनांगोच्या कामाचा कणाच मोडला, यामागे पद्धतीतला फरक शोधणाऱ्यांनी ही गोष्ट आधी लक्षात घ्यावी.

शांतता करारांनंतर, १९९७ पासून, सरकारने दुर्गम गावांसाठी स्वयंसेवी संस्थांना कंत्राटे देऊन फिरती पथके पाठवण्याचा कार्यक्रम सुरू केला. ऐन भरात तो चाळीस लाखांहून अधिक लोकांपर्यंत पोहोचत होता. सेवा मर्यादित होती: महिन्यातून एकदा येणारे पथक, लसी, वजन, गर्भवतींची तपासणी. तरी आई त्या दिवसाची वाट पाहत असे. पैसे थकत गेले, कारभाराविषयी तक्रारी वाढल्या, आणि २०१४ च्या सुमारास कार्यक्रम गुंडाळला गेला. त्याची जागा घेणारी सरकारी माणसे मात्र तितक्या वेगाने नेमली गेली नाहीत. मला त्या कार्यक्रमाविषयी अनेक आक्षेप होते आणि आजही आहेत. पण जुनी व्यवस्था मोडण्यापूर्वी नवी उभी करावी एवढे साधे भान राखले गेले नाही, याची किंमत कोणी मोजली ते मी पाहिले आहे.

हे सगळे गरिबीमुळे अटळ आहे असे मात्र मानू नका. त्याच भूभागात कोस्टा रिका आहे. तिथे १९४१ मध्ये सामाजिक सुरक्षा निधी स्थापन झाला, १९४८ मध्ये सैन्यच विसर्जित केले गेले, आणि १९९५ पासून साधारण चार-पाच हजार लोकवस्तीमागे एक असे प्राथमिक आरोग्य पथक नेमले गेले, ज्यात डॉक्टर आणि परिचारिकेसोबत घरोघरी जाणारा पगारी आरोग्य साहाय्यक असतो. कॉफी तिथेही पिकते आणि डोंगर तिथेही आहेत.

ग्वातेमालात ही घरोघरी जाणारी व्यक्ती आजही आहे, फक्त तिला पगार नाही. ती म्हणजे कोमाद्रोना. देशभरात वीस हजारांहून अधिक सुईणी सरकारदरबारी नोंदलेल्या आहेत आणि माया गावांतली बरीच बाळंतपणे त्यांच्याच हातून होतात. ती रात्री दोन वाजता येते, माममध्ये बोलते, बाळंतिणीला शेकायला टेमास्कालमध्ये, म्हणजे दगडमातीच्या ठेंगण्या, वाफेने तापवलेल्या खोलीत नेते, पोट बांधते, आणि पुढचे कित्येक दिवस येत राहते. रुग्णालयात मात्र बाईचे विणलेले लुगडे उतरवून पातळ अंगरखा देतात, त्या थंडीत गार खाणे देतात, उताणे झोपवतात. सुईणीला केंद्रात दर महिन्याला प्रशिक्षणाला बोलावतात, आणि मी पाहिलेल्या प्रशिक्षणांत ती मागच्या बाकावर बसून स्पॅनिश भाषण ऐकत असे. मग तीच बाई रुग्ण घेऊन आली की तिला फाटकाबाहेर उभे करतात. आपल्यासोबत आलेल्या सुईणीचा अपमान होताना जिने पाहिला, ती बाळंतीण पुढच्या खेपेला काय ठरवेल?

इथे बदल घडवता येतो, हे अनुभवाने सिद्ध झाले आहे. २००७ मध्ये सुरू झालेल्या आणि माया भाषांतच सेवा देणाऱ्या वुकू कावोक या संस्थेने सुईणींच्या हाती मोबाइल फोनवरची चित्रे आणि आवाज यांवर चालणारी तपासणी दिली, आणि रुग्णालयात जाणाऱ्या प्रत्येक बाईसोबत तिची भाषा बोलणारी, रुग्णालयाची वाट माहीत असलेली सोबतीण दिली. ही सोबतीण कागद भरते, डॉक्टरांचे बोलणे उलगडून सांगते, नातेवाइकांना काय चालले आहे ते कळवते आणि सुईणीचा मान राखते. यात कोणतेही महागडे यंत्र नाही. माझ्या मते तिथल्या आरोग्यसेवेत पैसा घालायची पहिली जागा हीच आहे. आणखी एक इमारत बांधण्याच्याही आधीची.

कुपोषणाविषयी थोडक्यात लिहिते, कारण तो विषय स्वतंत्र उत्तराचा आहे. २०१४-१५ च्या राष्ट्रीय माता-बाल आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालच्या ४६.५ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली आढळली. हे प्रमाण लॅटिन अमेरिकेत सर्वाधिक आहे, आणि माया गावांत ते याहूनही जास्त आहे. वाडीतली बहुतेक मुले सारखीच बुटकी असली की कोणाचेच मूल आजारी दिसत नाही, मग कोणी केंद्रात कशाला आणेल? चुन्याच्या पाण्यात शिजवलेल्या मक्याच्या टॉर्टिया (पातळ भाकऱ्या), मीठ आणि कधीमधी घेवडा, यावर मूल पोट भरते पण वाढत नाही, आणि गढूळ पाण्याच्या हगवणीने उरलेलेही जाते. तुम्ही तिथे वजनकाट्यापेक्षा उंची मोजण्याची फळी अधिक वापरा.

मधुमेहाचे रुग्ण अपेक्षेपेक्षा खूप भेटतील. त्यांच्यासाठी महिन्याभराच्या गोळ्या वाटून निघून जाणारी परदेशी शिबिरे तिथे सतत होत असतात. सद्‌भावनेने येणाऱ्या त्या माणसांविषयी मला आदर आहे, पण मधुमेहाची गोळी तीस दिवस देऊन एकतिसाव्या दिवशी काय करायचे ते न सांगणे योग्य नाही, आणि सहा महिन्यांसाठी जाणाऱ्या डॉक्टरांनाही हाच नियम लागू होतो. जे औषध तुम्ही गेल्यावर तालुक्याच्या दुकानात त्या कुटुंबाला परवडेल अशा किमतीत मिळणार नाही, ते सुरू करताना दहा वेळा विचार करा.

तुम्ही काय करावे, यावर माझे मत असे आहे. पहिला महिना तपासणीची खोली मागू नका. गावच्या सहायक परिचारिकेबरोबर बसा. ती एकटी तीन माणसांचे काम करते आणि कोणत्या घरात कोण लपवून खोकते हे तिला ठाऊक असते. जितक्या सुईणी भेटतील तितक्यांच्या घरी जा, तीही रिकाम्या हाताने नव्हे, आणि त्यांना शिकवण्यापूर्वी त्यांनी पाहिलेल्या अवघड बाळंतपणांची हकीकत विचारा. तपासणीचा दिवस आठवडी बाजाराच्या दिवशी ठेवा. त्या दिवशी बायका तसेही खाली येतात, बसचे भाडे तसेही मोडलेले असते. रुग्णालयातल्या डॉक्टरांशी भांडण मांडू नका. ते चोवीस-चोवीस तास काम करतात, त्यांच्याकडे दोरा नसतो, रक्त नसते, आणि दोष सगळा त्यांच्याच डोक्यावर येतो. प्रसूतिकक्षातल्या एका तरी परिचारिकेचा फोन क्रमांक मिळवा. रात्री तीन वाजता 'आम्ही निघालो आहोत, बाईला फक्त माम कळते, सोबत सुईण आहे' एवढे सांगता येणे हे फार मोठे साधन आहे. पाठवलेल्या रुग्णांपैकी निदान एकीबरोबर घरापासून रुग्णालयापर्यंत आणि तिथून परत घरापर्यंत स्वतः जा, बसने जा, आणि वाटेत कुठे किती पैसे गेले, कोणी काय विचारले, किती वेळ कोणत्या बाकावर बसावे लागले, हे सगळे लिहून ठेवा.

त्या रात्रीनंतर त्या वाडीत जे घडले तेही सांगायला हवे. ग्वातेमालात २००२ च्या कायद्याने प्रत्येक गावाला स्वतःची विकास समिती आहे. पाण्याची टाकी आणि रस्ता याच विषयांवर बोलणाऱ्या त्या समितीसमोर सुईणीने स्वतः उभे राहून साडेआठ ते पाचचा हिशेब माममध्ये मांडला. मी फक्त मागे बसले होते. समितीने दर घरामागे महिन्याला थोडी वर्गणी ठरवली, आणि दोन्ही पिकअपवाल्यांशी रात्रीचे भाडे आगाऊ ठरवून घेतले, जे समिती लगेच देईल आणि कुटुंब जमेल तसे फेडेल. पोट दिसू लागलेल्या प्रत्येक सुनेच्या सासूशी आणि परदेशी असलेल्या नवऱ्याशी सातव्या महिन्यातच बोलून 'वेळ आली तर विचारायला थांबू नका' हा शब्द घेण्याचे काम सुईणीने स्वतःकडे घेतले. पुढच्या पावसाळ्यात त्याच वाडीतली एक पहिलटकरीण झटके येऊ लागल्यावर निघाली, तेव्हा घरापासून रुग्णालयाच्या फाटकापर्यंत साडेतीन तास लागले. फाटकावर सुईणीला याही वेळी अडवले, पण आतली परिचारिका नावानिशी तिला शोधत बाहेर आली.